गोडाऊनमधली कोरडी हवा

माझ्या कामाला दुष्काळ मानवत होता, आणि ही गोष्ट गावात कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. पाऊस लागोपाठ दगा देत होता. मी सोलापूरकडच्या एका दुष्काळी जिल्ह्यातल्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होते आणि मुंबईच्या एका सरांकडे पीएच.डी.साठी नाव नोंदवून होते. वय तिशीला टेकलेलं, लग्न नाही, खोली भाड्याची. ज्या लहरींवर मी काम करत होते त्यांना आता टेराहर्ट्झ म्हणतात आणि त्यांच्यावर मोठमोठ्या परिषदा भरतात. तेव्हा आम्ही त्यांना दूर-अवरक्त म्हणायचो, आणि ते म्हणणारी माणसं मोजकीच होती. एका बाजूला रेडिओच्या लहरी, दुसऱ्या बाजूला उष्णता आणि उजेड, आणि मध्ये हा पट्टा, दोन शेतांमधल्या बांधासारखा. रेडिओवाले म्हणायचे, आमची हद्द इथं संपली. प्रकाशवाले म्हणायचे, आमची अजून लागली नाही. मला नेमका तोच पट्टा आवडला. यात माझ्या तिरसट स्वभावाचाही हात असणार.

माझं काम जाळ्यांचं होतं. धातूच्या चौकटीवर केसाहून बारीक तांब्याची तार शेजारी-शेजारी ताणायची आणि दोन तारांमधली फट सगळीकडे सारखी ठेवायची. अशा दोन चौकटी समोरासमोर उभ्या केल्या आणि त्यांच्यामधलं अंतर स्क्रूनं कमी-जास्त केलं, की येणाऱ्या सगळ्या लहरींतून एकाच लांबीची लहर पार जाते, बाकीच्या अडतात. चाळणीच म्हणा. माझ्या आराखड्याप्रमाणे ही चाळणी फार काटेकोर निघायला हवी होती. आलेख काढला तर त्यात एक उंच, निमुळतं शिखर दिसायला हवं होतं. ते दिसलं की प्रबंध उभा राहणार होता. न दिसलं तर काय, ते सरांनी गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं. तुझं शिकवणं चांगलं आहे, असं ते म्हणाले होते.

मुंबईत ते शिखर दिसत नव्हतं. या लहरींचं पाण्याशी वैर असतं. हवेत नुसती वाफ असली तरी ती ठरावीक लांबीच्या लहरी गिळून टाकते, आणि मुंबईच्या हवेत वाफेला काय तोटा. सगळी मांडणी निर्वात नळीत बसवायची तर पंप लागतो. प्रयोगशाळेत पंप होता, पण माझ्या पुढे बाकीचे विद्यार्थी होते. पाण्याच्या रांगेत मागे उभं राहण्याची सवय मला लहानपणापासून होती. आवड मात्र कधीच नव्हती.

एकदा चिडून मी सरांना म्हटलं, आमच्याकडे हवा कोरडी ठणठणीत आहे, मला यंत्र द्या, मी तिकडे मोजते. सर हसले. मग हसायचे थांबले. उन्हाळ्याच्या सुट्टीपुरता डिटेक्टर न्यायला त्यांनी परवानगी दिली, आणि कॉलेज उघडायच्या आत तो परत हवा असं बजावलं, कारण पुढे तो दुसऱ्या एकाला द्यायचा होता. म्हणजे तो एक उन्हाळा माझा होता, त्यानंतर काही नाही.

डिटेक्टर म्हणजे मुठीएवढी डबी. आत थोडासा वायू आणि वर पातळ पापुद्रा. लहर आत आली की वायू इवलासा तापतो, पापुद्रा फुगतो, आणि त्या फुगण्यावरून मीटरची सुई हलते. इतका हळवा प्राणी मी माणसांतही पाहिलेला नाही. कुणी पाय आपटला, दार लोटलं, साधं खोकलं तरी सुई उडायची. एसटीत मी ती डबी कापसात गुंडाळून मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, लोणचं हाय का? मी हो म्हटलं. मग सोलापूर येईपर्यंत खड्डा आला की त्याही माझ्याबरोबर त्या डबीखाली हात धरायच्या.

कॉलेजची इमारत सोलापूर-हैदराबाद हायवेला लागून होती. तिथं मांडणी केली आणि पहिला ट्रक गेला तशी सुई थयथयाट करू लागली. नळदुर्गच्या ढाब्यांवर थांबणारे सगळे ट्रक आमच्या भिंतीजवळून जात. शेवटी हायवेपासून लांब, वडिलांच्या गावी जायचं ठरवलं. वडील तरुणपणीच सोलापूरला नोकरीला गेले आणि तिथलेच झाले. गावात त्यांची थोरली बहीण, माझ्या आत्या, एकट्याच राहत होत्या. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. बौद्धवाड्यात एका खोलीचं घर आणि रोजगार हमीवर पाझर तलावाचं काम, एवढं त्यांचं जग होतं.

गावाच्या कडेला सोसायटीचं गोडाऊन होतं. जाड दगडी भिंती, वर पत्रे, भिंतींना उंचावर झरोके. पीकच नव्हतं तर त्यात ठेवायचं काय? एका कोपऱ्यात रिकाम्या बारदानाचा ढीग आणि सगळीकडे तागाचा वास, बाकी मोकळी फरशी. सोसायटीचा सेक्रेटरी भला माणूस होता आणि मिस्कील होता. किल्ली देताना त्यानं एकच अट घातली, की पाणी लागलं तर आधी सोसायटीला कळवायचं.

कारण त्या उन्हाळ्यात गावात पाणी बघणाऱ्यांचा नुसता राबता होता. कुणी तळहातावर नारळ आडवा धरून शेतं तुडवायचा, कुणी कडुलिंबाची दुबेळकी काटकी घेऊन फिरायचा, कुणी जीपमधून यंत्र आणायचा. मी यंत्र घेऊन आले म्हणजे पाणीच बघायला आले, असं गावानं ठरवून टाकलं. सरकारनं पाठवलेली पाण्याची बाई. माणसं दाराशी येऊन विचारायची, आमच्या हिरीचं बघता का? मी सांगून दमले, की माझ्या यंत्राला जमिनीतलं पाणी दिसत नाही, हवेतलं तेवढं कळतं, आणि तेही नसेल तर बरं असतं. यावर सेक्रेटरी म्हणाला, मग बाई, हे यंत्र आमच्याच गावासाठी बनवलंय म्हणायचं.

त्याचं खरंच होतं. हवा अशी कोरडी, की हात धुतला तर पुसायच्या आधी वाळायचा. विहिरी आटल्यामुळे मोटारी बंद होत्या, म्हणून दिवसा व्होल्टेज एका जागी ठरून राहायचं. लोकांचं जे जे बंद पडलं होतं त्याचा मला उपयोग होत होता. नळदुर्गच्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे काम नव्हतं, म्हणून त्यानं तार गुंडाळायचं हातयंत्र मला खुशाल वापरायला दिलं. त्याच्या दुकानातल्या स्टुलावर बसून मी त्या उन्हाळ्यातल्या पहिल्या जाळ्या गुंडाळल्या. समोरून रिकाम्या घागरी घेतलेल्या बाया जायच्या आणि मी तारा ताणत बसायचे. फार परकं वाटायचं.

गोडाऊनमध्ये मी एका टोकाला पाऱ्याचा दिवा लावला. रस्त्यावर असतो तसाच, वरची काच फोडून काढलेला. आतली नळी तापली की तिच्यातून इतर सगळ्याबरोबर माझ्या लहरीही थोड्या बाहेर पडतात. दुसऱ्या टोकाला डिटेक्टर, आणि मध्ये माझ्या दोन चौकटी. झरोक्यांना उजेड अडवण्यापुरतं काळं कापड लावलं. हवा त्यातूनही यायची.

पहिल्याच दिवशी मी आत्यांना बसवून नीट समजावलं. मी आत असताना आत यायचं नाही, दार वाजवायचं नाही, बाहेरून हाकही मारायची नाही, जवळून चालायचं असेल तर पाय वाजवायचे नाहीत. नुसत्या पावलांनीही माझं काम नासतं. मी शिकवायच्या सवयीनं बोलत होते, म्हणजे जरा करडेपणानं. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, मग जेवायचं कवा? भाकरी सकाळीच बरोबर न्यायची असं ठरलं.

आमच्यात बोलणं असं फारसं व्हायचंच नाही. लहानपणी सुट्टीत चार दिवस यायचे तेवढीच ओळख. त्या उजाडताच तलावाच्या कामाला जायच्या, मी गोडाऊनकडे. संध्याकाळी चुलीजवळ त्या मला विचारायच्या, झालं का काम? मी म्हणायचे, चाललंय. पुढचं काय सांगणार? पाण्याचं मात्र त्यांनी मी आल्या आल्या स्पष्ट केलं होतं. टँकर आधी गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा आणि मग जे उरेल ते वाड्याच्या विहिरीत. उरायचं ते बुडाशी. म्हणून अंघोळ एका तांब्यात, ती लोखंडी पाटीत उभं राहून, आणि पाटीतल्या पाण्यात कपडे.

आणि मग एका सकाळी शिखर दिसायला लागलं. स्क्रू इवलासा फिरवायचा, सुई स्थिरावायची वाट बघायची, आकडा घ्यायचा, पुन्हा स्क्रू. कागदावर ठिपके चढत गेले. आराखड्यात मी आधी काढलेली रेघ आणि ही ठिपक्यांची रेघ, दोघींची चाल एक होती. माझ्या हातानं ताणलेल्या तारा त्या मिसळीतून एक लहर वेचून काढत होत्या. मला इतका आनंद झाला की कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. दार उघडून बाहेर आले. लिंबाखाली एक शेळी बसलेली होती. तिला सांगितलं. तिनं रवंथ थांबवलं नाही. मग मी आत जाऊन एकटीच थोडा वेळ रडले, आनंदानं असं म्हणायला हरकत नाही, पण ते तेवढंच नव्हतं.

शिखर माथ्यापर्यंत चढायला दुपार व्हायची. एक पुरा आलेख म्हणजे सकाळपासून दिवस कलेपर्यंतचं काम. संध्याकाळी गावात दिवे लागले की व्होल्टेज नाचायचं, म्हणून तेवढाच वेळ हातात. त्या दिवशी माथा गाठला, उतार सुरू झाला आणि सुई एकदम बसली. उतार राहिलाच नाही, कडाच कोसळला. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. सकाळची बाजू देखणी आणि दुपारची बाजू ढासळलेली. जाळ्या काढून नुसता झोत मोजला तर तोही दुपारी किंचित उतरायचा, पण ते मी उन्हावर ढकललं.

मला वाटलं, उष्णता. चौकट लोखंडाची होती आणि तार तांब्याची. तापलं की तांबं लोखंडापेक्षा जास्त पसरतं, म्हणजे तार सैल पडत असणार. पितळेच्या चौकटी करायला सोलापूर गाठलं. पुन्हा नळदुर्गच्या स्टुलावर बसून तारा गुंडाळल्या. एका जाळीला दिवसच्या दिवस जायचे, एखादी तार दुसरीवर चढली की सगळं उसवायचं. सुट्टी अशी सरत चालली. नव्या जाळ्या घेऊन गावी आले, मांडल्या. सकाळी शिखर चढलं. दुपारी कोसळलं.

सरांना पत्र लिहिलं, आणि विचारलं की शिखराच्या दोन बाजू दोन वेगळ्या सकाळी मोजून जोडल्या तर चालेल का. त्यांचं उत्तर चार ओळींचं आलं. अर्धे-अर्धे आलेख जोडून शिखर होत नाही. रचनाच टिकाऊ नसावी. डिटेक्टर वेळेवर पाठव. पत्र वाचून मी गोडाऊनच्या पायरीवर बसून राहिले. त्यांचा राग आला नाही. मलाही तेच वाटायला लागलं होतं, की माझी रचनाच खोटी आहे, दोन-चार तास टिकते आणि मग तिचं खरं रूप दिसतं. रचनेवरून मी स्वतःवर आले. कॉलेजात स्टाफरूममध्ये मी टेबलाच्या टोकाशी बसायचे. मुंबईत प्रयोगशाळेत मी बाहेरगावची. गावात पाण्याची बाई, जिला पाणी सापडत नाही. एक ती लहर तेवढी माझ्या ओळखीची, आणि तीही दुपारी साथ सोडून जायची.

मध्ये एक विचित्र गोष्ट घडली. एका दिवशी शिखर पुरं आलं. चढही आला आणि उतारही, दोन्ही बाजू सारख्या. मी नाचायची बाकी राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा कडा. आठवड्यानं पुन्हा एकदा पुरं आलं, आणि तेव्हा लक्षात आलं की दोन्ही दिवस बाजाराचे होते. मी सेक्रेटरीला विचारलं, बाजारच्या दिवशी गावात काय बंद असतं? गिरणी? एखादी मोटार? तो म्हणाला, गिरणी तर महिनाभर बंदच हाय, दळायला हाय काय? बाजारच्या दिवशी गावात माणसंच नसतात, बाई. तलावाच्या कामालाही सुट्टी.

म्हणजे माणसंच. कुणीतरी दुपारी गोडाऊनजवळून चालतं, आणि त्या पावलांनी माझी सुई बिघडते, असं मी धरून चालले. कोण ते बघायचं आणि चांगलं फैलावर घ्यायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सुई खाली यायला लागली तशी मी उठले, दार हळूच लोटलं आणि भिंतीच्या कडेनं मागच्या बाजूला गेले. मागे मी कधी गेलेच नव्हते. तिकडे काटेरी बाभळी आणि पडीक रान.

कोपऱ्यावर चपला होत्या. नीट जोडीनं काढून ठेवलेल्या. आत्यांच्या होत्या, एका चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला, तो मी ओळखला.

आत्या पुढे भिंतीशी उभ्या होत्या. दगडाचा चौथरा रचून त्यावर चढलेल्या. झरोक्यांवर बाहेरून सोसायटीची जुनी पोती टांगलेली होती, आणि त्या तांब्यानं त्यांच्यावर पाणी सोडत होत्या. ओतत नव्हत्या. तांब्या पोत्याला टेकवून, आवाज होऊ नये अशी बारीक धार. पोती काळीशार भिजली होती. खाली जमीन अशी तापलेली, की मला चपलेतून चटका बसत होता, आणि त्या अनवाणी होत्या. शेवटचा तांब्या झाला तसा त्यांनी ओला हात स्वतःच्या तोंडावरून फिरवला, रिकामी घागर काखेला लावली, टाचा वर करून कोपऱ्यापर्यंत आल्या, चपला पायात घातल्या आणि तलावाच्या वाटेला लागल्या. मी बाभळीआड झाले होते. त्यांना दिसले नाही.

आत येऊन मी मीटरसमोर बसले. सुई तळाला होती. काळ्या कापडातून गार वारा येत होता. रोज दुपारी यायचा. मी समजत होते, जुन्या दगडी भिंती जाड आहेत म्हणून हवा गार राहते. ओल्या तागाचा वास नाकाला येत होता, पण तागाचा वास त्या जागेला आधीपासूनच होता. मी दिव्याच्या चोकच्या एकसुरी घरघरीत बसलेली, पाण्याची बारीक धार मला कशी ऐकू येणार? हवेत ओल आली की लहर मरते, हे जिल्ह्यात एकट्या मला ठाऊक होतं. आणि ओल येईल असं माझ्याच मनात आलं नव्हतं, कारण या दुष्काळात भिंतीला पाणी कोण घालेल?

यंत्रानं गावात पाणी शोधून काढलं होतं. मी ते माझ्या जाळ्यांच्या नावावर लिहीत होते.

सेक्रेटरीला विचारलं तर तो म्हणाला, पोती त्यानंच दिली होती, त्याला वाटलं मला माहीत आहे. सगळ्या गावालाच माहीत होतं. दुष्काळात भिंतीला पाणी पाजतीया म्हणून कामावरच्या बायका आत्यांना चिडवायच्या, काही जणी तर चांगल्याच बोलल्या होत्या. तरी आत्यांची घागर रोज भिंतीशी यायची.

त्या संध्याकाळी आत्या चूल पेटवत होत्या. मी उंबऱ्याशी बसून विचारलं, "आत्या, पोत्यावरचं पाणी तुम्ही कुठनं आणता?"

त्यांनी फुंकणी खाली ठेवली. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला. "वढ्यात झिरा हाय," त्या म्हणाल्या. "दुपारच्या सुट्टीत भरती म्या. टँकरचं न्हाय त्ये."

वाळूत खड्डा करायचा, त्यात पाणी झिरपायची वाट बघत बसायचं, आणि वाटी-वाटीनं घागर भरायची, असा तो झिरा. कामावरच्या बाया त्या सुट्टीत बाभळीच्या सावलीला भाकरी खाऊन आडव्या व्हायच्या. मी त्यांना सांगितलं. जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं, की माझ्या यंत्रातली लहर पाण्यात विरते, नुसत्या ओलीनंही विरते, मी कोरड्या हवेसाठीच इथं आले, आणि रोज दुपारी ती का जाते ते मला कळत नव्हतं. हे न सांगून चालणारच नव्हतं. पुढे थोडेच दिवस उरले होते.

आत्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाल्या, "मंजी म्याच नासवलं व्हय तुझं काम?"

मी नाही म्हटलं. पण नासलं होतं, हे खरं होतं.

"तुझ्या लहरीला चालत न्हाय," त्या म्हणाल्या. "पर तुला? वर पत्रा, आत दिवा. तुला तरी गार वाटलं का न्हाय?"

"वाटलं," मी म्हटलं. "रोज वाटायचं."

"मग झालं तर," असं म्हणून त्यांनी फुंकणी पुन्हा उचलली.

मी तिथंच बसून राहिले. इतके दिवस मी धरून चालले होते, की त्या चार भिंतींत मी आणि माझं यंत्र, बाकी कुणाला माझं काही पडलेलं नाही. आणि भिंतीच्या पलीकडे, माझ्यापासून हातभर अंतरावर, एक बाई पायातल्या चपला काढून उभी राहत होती, कारण मी पाय वाजवायला मनाई केली होती. मला रडू आलं. आत्यांनी ते पाहिलं आणि धुराचं निमित्त करून मला बाहेर बसायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पोती निघाली. मग कळलं, पत्र्याखालचा उन्हाळा म्हणजे काय असतो ते. दुपारी डोकं भणभणायचं, एकदा नाकातून रक्त आलं, घाम वहीवर पडू नये म्हणून कपाळाला फडकं बांधून बसायचे. पण शिखर पुरं आलं. पुढच्या दिवशीही आलं, त्याच्या पुढच्या दिवशीही. एकावर एक कागद ठेवून दाराशी उजेडात धरले तर रेघा एकमेकींवर बसत होत्या. जाळ्या खऱ्या होत्या. लोखंडाच्या जुन्या जाळ्याही लावून पाहिल्या, त्याही उभ्या राहिल्या. पितळेसाठी केलेली सगळी धावाधाव फुकट होती.

आत्यांनी झिऱ्याची घागर आणायचं काही थांबवलं नाही. ती आता घरी यायची. संध्याकाळी मी परतले की त्या मला दाराशी दगडावर बसवायच्या आणि सगळी घागर माझ्या डोक्यावरून ओतायच्या. तांब्यानं, बारीक धारेनं. आवाज झाला तरी आता चालणार होतं, पण त्यांच्या हाताला तीच सवय लागली होती. केस धुताना त्या बोटांनी गुंता सोडवायच्या. त्या गावातल्या माझ्या सगळ्या दिवसांत तेवढाच वेळ मला एकटं वाटलं नाही.

डिटेक्टर मी वेळेवर मुंबईला पोचवला. सरांनी आलेख पाहिले, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि माझ्यासाठी चहा मागवला. ढासळलेले आलेख प्रबंधातून काढून टाक म्हणाले, सदोष नोंदी कशाला ठेवायच्या? मी ऐकलं नाही. त्यातला एक मी ठेवला, चांगल्या आलेखाच्या शेजारच्याच पानावर, आणि खाली लिहिलं, की बाष्पाचा परिणाम. शास्त्राच्या दृष्टीनं ते योग्यच होतं, वाफ जी लांबी गिळते नेमका तिथंच कडा कोसळत होता. सर म्हणाले, तू हट्टी आहेस.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्याच पानावर बोट ठेवलं. माझा जिल्हा त्यांना माहीत होता, वर्तमानपत्रात टँकरचे फोटो येतच होते. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे इतका दुष्काळ असताना हवेत एवढी ओल आली कुठून?

जवळच पाण्याची सोय होती, मी म्हटलं. ते उत्तर त्यांना पुरलं, आणि पुढचा प्रश्न त्यांनी तारांच्या जाडीबद्दल विचारला.

पुढे मला दूरच्या एका शहरात चांगल्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. आत्यांना तिकडे नेण्याचं दरवर्षी बोलायचे आणि दरवर्षी त्या म्हणायच्या, पाऊस बरा झाला की येती. बरा पाऊस झाला त्या वर्षीच त्या गेल्या. त्या गेल्याची तार हातात पडली तेव्हा मी मोजणीवर बसलेली होते.

आता माझ्याकडे निर्वात नळी आहे, पंप आहे, खोलीत वाफेचा कण राहू न देणारं यंत्र आहे. मला गार वाटतं की नाही याची काळजी घ्यायला एअर कंडिशनर आहे. तरी कधी नळीचा जोड सैल होतो, ओल आत शिरते आणि दुपारच्या वेळी आलेख बसत जातो. बरोबरची तरुण मंडळी लगेच पान्हे घेऊन जोड तपासू लागतात. मी उठते, जिना उतरते आणि इमारतीच्या मागच्या बाजूला जाऊन बघते. तिथं सिमेंटची स्वच्छ फरशी आहे आणि सगळ्या खिडक्या कायमच्या बंद केलेल्या आहेत. कोपऱ्याशी चपला नसतात. थोडा वेळ थांबून मी परत वर येते.